दिवा कुठे लावायचा, किती उंचीवर

स्वयंपाकघरात छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्यावर आपलीच सावली पडते. चिरताना बोटं नीट दिसत नाहीत. भिंतीवरच्या कपाटांखाली, पुढच्या कडेलगत ४००० केल्विनची (म्हणजे ना पिवळट ना निळसर, मधल्या पांढऱ्या रंगाच्या प्रकाशाची) एलईडी पट्टी लावा. मागे भिंतीलगत लावली तर टाइल्स उजळतात आणि ओट्याची पुढची बाजू अंधारीच राहते.

बाथरूममध्ये आरशाच्या वरचा एकटा दिवा डोळ्यांखाली सावल्या पाडतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीवर. पाणी उडतं तिथे किमान आयपी ४४ दर्जाचा, म्हणजे शिंतोडे सोसणारा दिवा.

जेवणाच्या टेबलावरचा लटकता दिवा टेबलापासून ७५ ते ९० सेंटिमीटर वर. झोपायच्या खोलीत २७०० केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर प्रकाश, बस्स.

पूर्ण बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी कोंडू नका. उष्णता अडकून आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य वीज पुरवणारं सर्किट, लवकर जातो, बदनाम मात्र बल्ब होतो.