बाई, तुम्ही डॉक्टर नाही, मग तिथे काय करता?

महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या बैठकीला जाते. नव्या औषधांच्या, उपकरणांच्या ज्या चाचण्या माणसांवर करायच्या असतात, त्यांना परवानगी द्यायची की नाही हे ही कमिटी ठरवते. मी ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. त्यामुळे लग्नकार्यात जुने विद्यार्थी भेटले की प्रश्न ठरलेला असतो: "बाई, तुम्ही डॉक्टर नाही, मग तिथे काय करता?" परवा एक विद्यार्थी भेटला, आता स्वतः सर्जन आहे. त्याने पुढचंही विचारलं, "आणि हे सगळं आलं कुठून? डॉक्टरांची शपथ होती, ती पुरे नव्हती का?"

पहिल्या प्रश्नाचं छोटं उत्तर असं की मी तिथे नियमाने आहे. २०१९च्या केंद्रीय नियमांप्रमाणे अशा कमिटीत किमान सात सदस्य लागतात आणि त्यांत एक सामान्य नागरिक आणि एक कायदा जाणणारा असावाच लागतो. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. पण नियम शेवटी आला. त्याच्या आधी काय घडलं ते सांगायला चहाचा एक कप पुरत नाही, म्हणून लिहिते.

शपथेपासूनच सुरुवात करते. हिप्पोक्रेटिसची शपथ असो की चरकसंहितेतला शिष्याला केलेला उपदेश, दोन्ही मला मनापासून थोर वाटतात. रुग्णाला अपाय करू नकोस, त्याच्या घरातलं बाहेर बोलू नकोस. पण दोन्हीकडे बोलणारे दोघेच आहेत, गुरू आणि शिष्य. रुग्ण तिथे आहे तो ज्याचं भलं करायचं तो म्हणून. त्याला काही विचारायचं असतं, हे कुठे येत नाही. चरक तर सांगतात की रोग्याचा अंत जवळ आलाय हे कळलं तरी, जिथे ते ऐकून त्याला किंवा इतरांना धक्का बसेल तिथे बोलू नये. त्यामागची माया मला कळते. माझ्या आईला तिचा आजार काय आहे हे आम्ही भावंडांनी शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं. तिला कळलं असतं तर तिने काय केलं असतं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

बाहेरची माणसं डॉक्टरांच्या खोलीत पहिल्यांदा गाजावाजा होऊन शिरली ती अमेरिकेत, सिएटल शहरात. १९६० साली बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरने टेफ्लॉनची एक नळी बनवली. डायलिसिसचं यंत्र त्याआधीही होतं, पण दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे आणि वाहिन्या संपल्या की उपचारही संपत. ही नळी हातात कायमची ठेवता येऊ लागली. क्लाइड शील्ड्स हा पहिला रुग्ण. थोड्या दिवसांचा सोबती समजला गेलेला हा माणूस पुढे ११ वर्षं जगला. लगेच अडचण उभी राहिली, कारण यंत्रं मोजकी आणि मरणाच्या दारातली माणसं पुष्कळ. १९६२ साली तिथे कृत्रिम मूत्रपिंड केंद्र सुरू झालं आणि कुणाला यंत्र द्यायचं हे ठरवायला सात जणांची समिती नेमली गेली. एक वकील, एक धर्मगुरू, एक बँकवाला, एक गृहिणी, एक सरकारी अधिकारी, एक कामगार पुढारी आणि एक सर्जन. कोण वैद्यकीयदृष्ट्या योग्य ते डॉक्टर आधी सांगत. उरलेल्यांतून निवड या सात जणांची. त्यांची नावं गुप्त होती.

त्यांच्या हाती नियम कुठलेच नव्हते, तेव्हा त्यांनी आपल्याला सुचेल ते विचारलं. लग्न झालंय का, पोरं किती, उत्पन्न काय, शिक्षण किती, चर्चला जातो का. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शाना अलेक्झांडर या पत्रकार बाईंनी लाइफ मासिकात हे छापलं आणि देश हादरला. नेकीने बसलेल्या त्या सात माणसांनी आपल्यासारखी दिसणारी माणसं वाचवायला घेतली होती. जो एकटा राहतो, चाकोरीबाहेर जगतो, त्याला त्या यादीत जागा मिळणं अवघड होतं. पुढे १९७२ साली अमेरिकी संसदेने डायलिसिसचा खर्च सरकारकडे घेतला आणि अशा समित्यांची गरज उरली नाही. पण दर बैठकीला जाताना मला ती गृहिणी आठवते. मीही तिच्यासारखीच, बाहेरून आणून बसवलेली. बाहेरचं असणं पुरत नाही, हे मी तिच्याकडून शिकले.

मग बाहेरची माणसं हवीत तरी कशाला? याचं उत्तर मला टस्कीगीत सापडतं. या विषयाबद्दल मला एकच गोष्ट सांगायची परवानगी असती तर मी हीच सांगितली असती.

१९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामा राज्यातल्या मेकन परगण्यात, टस्कीगी गावाच्या परिसरात, एक अभ्यास सुरू केला. सुमारे ६०० काळे पुरुष, बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर कापूस पिकवणारे. त्यांतल्या ३९९ जणांना उपदंश, म्हणजे सिफिलिस होता. उपचार केला नाही तर हा रोग माणसाचं काय करतो, ते मरेपर्यंत बघायचं, हा अभ्यासाचा हेतू. माणसांना हे सांगितलंच नाही. "तुमचं रक्त खराब आहे, सरकार फुकट औषध देणार," एवढंच सांगितलं आणि लोहाचं टॉनिक, ॲस्पिरिन दिलं. पाठीच्या कण्यातून पाणी काढायचं होतं, तेव्हा "खास फुकट उपचाराची संधी" म्हणून पत्रं धाडली. अंत्यविधीचा खर्च देऊ केला, कारण शवविच्छेदन करायचं होतं. १९४० च्या दशकात पेनिसिलीन आलं, दशक संपायच्या आत ते या रोगावरचं सर्वमान्य औषध झालं. तरीही या माणसांना ते मिळू नये अशीच व्यवस्था राहिली.

हे सारं चोरून चाललं असेल असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं. पहिला निबंध १९३६ साली छापून आला, पुढेही येत राहिले, रीतसर वैद्यकीय नियतकालिकांत. हजारो डॉक्टरांनी ते वाचले असतील. १९६५ साली डेट्रॉइटच्या आयर्विन शॅट्झ या तरुण डॉक्टरने निषेधाचं पत्र लिहिलं, त्याला उत्तर मिळालं नाही. पीटर बक्स्टन हा सॅन फ्रान्सिस्कोत गुप्तरोगाच्या रुग्णांच्या मुलाखती घेणारा आरोग्यसेवेचा कर्मचारी. तो डॉक्टर नव्हता. त्याने १९६६पासून तक्रारी लावून धरल्या. १९६९ साली वरिष्ठांनी अभ्यासाचा फेरविचार करायला बैठक बोलावली. बसले ते बहुतेक डॉक्टरच. अभ्यास चालू ठेवावा असं ठरलं.

त्या बैठकीत एखादी शिक्षिका असती, एखादा शेतकरी असता, मेकन परगण्यातला एक जरी माणूस असता तर त्याने काय विचारलं असतं? मला वाटतं, तो एवढंच म्हणाला असता, "त्यांना माहीत आहे का?" हा प्रश्न विचारायला शिक्षण लागत नाही. तो विचारण्यासाठी त्या धंद्याच्या सवयीबाहेर असावं लागतं. शेवटी बक्स्टनने कागद पत्रकारांच्या हाती दिले. जुलै १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेसच्या जीन हेलर यांची बातमी छापून आली आणि ४० वर्षं चाललेला अभ्यास काही महिन्यांत बंद झाला. राष्ट्राध्यक्षांनी माफी मागितली ती १९९७ साली.

माझा सर्जन विद्यार्थी म्हणेल, नियम तर आधीच होते. होते. नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ साली न्यूरेंबर्ग संहिता आली आणि तिचं पहिलंच कलम स्वेच्छेच्या संमतीचं आहे. त्याहून जड जाणारी गोष्ट अशी की जर्मनीत १९३१ सालीच माणसांवरच्या प्रयोगांसाठी सरकारी मार्गदर्शक सूचना निघाल्या होत्या, संमतीची अट घालणाऱ्या. पुढच्या १४ वर्षांत त्याच देशात काय झालं ते आपण जाणतो. १९६६ साली हार्वर्डचे भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी अमेरिकेतलेच २२ प्रयोग निनावी मांडून दाखवले. त्यांतल्या एकात ब्रुकलिनच्या रुग्णालयातल्या वृद्ध, आजारी माणसांना कर्करोगाच्या पेशी टोचल्या होत्या, न सांगता. बीचर यांनी हे लिहिलं याला मोठं धैर्य लागलं, आणि त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्यांचा उपाय मला पटत नाही. त्यांच्या मते रुग्णाचं खरं रक्षण करतो तो सदसद्विवेक जागा असलेला संशोधक. टस्कीगीतल्या कितीतरी जणांना आपला विवेक जागाच आहे असं वाटत होतं.

याच काळात या विषयाला, म्हणजे वैद्यकातल्या नीतीच्या अभ्यासाला, घर मिळालं. १९६९ साली डॅनियल कॅलहन या तत्त्वज्ञाने आणि विलार्ड गेलिन या मनोविकारतज्ज्ञाने न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्ज सेंटर उभं केलं. १९७१ साली जॉर्जटाउन विद्यापीठात केनेडी इन्स्टिट्यूट निघालं. धर्मशास्त्रवाले, वकील, तत्त्वज्ञ, डॉक्टर एका टेबलाशी बसू लागले. 'बायोएथिक्स', म्हणजे जैवनीती, हा शब्द मात्र वेगळ्याच माणसाने रुजवला. व्हॅन रेन्सेलर पॉटर हे विस्कॉन्सिनचे कर्करोग-संशोधक. १९७०च्या सुमारास त्यांनी तो वापरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे रुग्णालय नव्हतंच. माती, पाणी, लोकसंख्या, पुढच्या पिढ्या, माणूस या पृथ्वीवर टिकणार कसा, हे होतं. त्यांच्याही आधी, १९२७ साली, फ्रिट्झ यार या जर्मन धर्मगुरूंनी हा शब्द लिहिला होता, झाडं आणि जनावरांसकट साऱ्या सजीवांसाठी. रुग्णालयाने तो शब्द उचलला आणि माती-पाणी मागे राहिलं. याची मला खरोखर खंत आहे. ज्या गावात विहिरीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडतात, त्या गावातल्या औषधचाचणीवर आम्ही तासभर बोलतो आणि विहिरीवर एक शब्दही बोलू शकत नाही, कारण तो आमचा विषय नाही.

टस्कीगीच्या बातमीनंतर दोन वर्षांत अमेरिकेने कायदा केला, आयोग नेमला, आणि त्या आयोगाचा बेलमाँट अहवाल १९७९ साली प्रसिद्ध झाला. माणसाचा आदर, हित आणि न्याय ही त्याची तीन सूत्रं. आज जगभरच्या कमिट्या याच तीन शब्दांभोवती बसतात. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० साली पहिलं निवेदन काढलं आणि २००० साली सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं. मुंबईत काही डॉक्टरांनी १९९३ साली वैद्यकीय नीतीवर एक लहानसं पत्रक सुरू केलं, तेच आज इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स म्हणून चालतं. आणि ज्यांनी यातलं काहीच वाचलं नसेल त्यांनाही अरुणा शानबाग माहीत आहेत, मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं तिथेच अंथरुणाला खिळून राहिलेल्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क कुणाचा, हा प्रश्न २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने तो केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, ज्यांनी त्यांना इतकी वर्षं भरवलं, अंघोळ घातली, कूस बदलली.

आता, मी तिथे काय करते? मी संमतीपत्र वाचते. इंग्रजीतून मराठी करून आणलेले १५-२० पानांचे कागद असतात. त्यात लिहिलेलं असतं, "आपणास यादृच्छिक पद्धतीने गटात समाविष्ट करण्यात येईल." मी विचारते, हे ऐकून भाजी विकणाऱ्या बाईला काय कळेल? मग आम्ही बसून लिहितो: "चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं, तुम्हाला कोणतं औषध मिळेल ते संगणक ठरवेल. ते तुम्ही ठरवणार नाही, डॉक्टरही नाहीत." एका सदस्यांना हे फार घरगुती वाटलं होतं. वाटू दे. ज्याला कळलंच नाही त्याची सही किंवा अंगठा ही संमती नव्हे.

सर्वांत जास्त वेळ मी एका वाक्यावर घालवते. "तुम्ही नाही म्हणालात तरी तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील." सरकारी ओपीडीत तीन तास रांगेत उभं राहून आत आलेल्या माणसाला हे आधी ऐकू यायला हवं, कारण समोर डॉक्टर बसलेले असताना नाही म्हणणं त्याला जमत नाही. हे वाक्य बहुतेक कागदांत असतं, पण आत कुठेतरी. येत्या शनिवारच्या बैठकीचे कागद काल घरी आले. त्यात ते नवव्या पानावर आहे. मी पेन्सिलने बाण काढून पहिल्या पानावर आणलंय.