कडं, फोटो आणि एकच दार: प्रदर्शनातली कोंबडीचोरी रोखण्याची वर्षभराची नोंद

गेल्या वर्षी जानेवारीत कोंबड्यांच्या प्रदर्शनातून माझी कोंबडी जास्वंद चोरीला गेली. पांढरी, सिल्की जातीची, आठ महिन्यांची तलंग म्हणजे तरुण कोंबडी, नुकतीच अंड्यावर आलेली. त्यानंतर वर्षभर जे करून पाहिलं ते इथे मांडते आहे, कारण आपल्यापैकी बरेच जण या हंगामात पक्षी घेऊन बाहेर पडणार आहेत.

आधी ती गेली कशी ते सांगते. रात्री आम्ही तिघं आळीपाळीने जागलो होतो. कुलपं होती, दिवे होते, रात्रीत काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी बक्षिसं वाटून झाली, साडेचार वाजले आणि सगळ्यांनी एकदम आवरायला घेतलं. कोणी खोकी घेऊन आत येतंय, कोणी डालगी घेऊन बाहेर चाललंय, टेम्पोवाले हॉर्न देतायत. मी असील जातीचा कोंबडा गाडीत ठेवून परत आले तोवर दहा मिनिटं झाली असतील. पिंजऱ्याचं दार नीट लावलेलं, वाटीतलं पाणी तसंच, आणि जास्वंद नाही. त्या वेळी हातात कोंबडी घेऊन जाणाऱ्याला हटकणार कोण? तिथे प्रत्येकाच्याच हातात कोंबडी होती.

पोलीस चौकीत हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ताई, समोर दहा पांढऱ्या कोंबड्या ठेवल्या तर तुमची कोणती, हे कशावरून दाखवाल?" मी तिला ओळखलं असतं, पण ती माझीच हे पटवून देण्यासारखं हातात काही नव्हतं. पायात कडं नाही, फोटो एकच आणि तोही लांबून, घरच्या अंड्यातली म्हणून पावती नाही. भारतीय न्याय संहितेत चोरीचं कलम ३०३ आहे, आणि माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो गुन्हा अदखलपात्र ठरतो. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. माझी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, नोंदली गेली आणि तिथेच थांबली. तेव्हापासून मी प्रत्येक विक्रीची पावती करते, अगदी ओळखीतल्या माणसाला पिलू दिलं तरी. एकाच जोडीच्या पिलांना काय भाव आला याची नोंद असली, तर उरलेल्यांची किंमत सांगायला आधार मिळतो.

फेब्रुवारी ते मे, कड्यांचा खटाटोप

बाजारात मिळणारी प्लास्टिकची गुंडाळी कडी वय ओळखायला बरी, पण नखाने उकलून निघतात. चोरापुढे त्यांचा उपयोग शून्य. खरं काम बंद कड्याचं. पिलू लहान असताना ते पायात सरकवायचं. पाय वाढला की ते कापल्याशिवाय निघत नाही, आणि कापलं की ते कडं संपलं. ब्रिटनमध्ये १८७७ साली स्थापन झालेला पोल्ट्री क्लब अशी कडी देतो आणि कड्याचा नंबर मालकाच्या नावावर नोंदतो. मला तसंच काहीतरी आपल्याकडे हवं होतं.

कबुतरांची कडी आणून पाहिली, ती सिल्कीला फारच लहान. शेवटी भोसरीत एका ओळखीच्या लेथवर ॲल्युमिनियमच्या नळीतून कापून घेतली. सिल्कीच्या तलंगांसाठी आतून १६ मिमी, असीलच्या कोंबड्यांसाठी २२. कडा आतून-बाहेरून घासून घ्यायलाच हव्यात. पहिल्या खेपेला मी घाई केली आणि एका पिलाचा पाय सोलवटला. ते कडं त्याच दिवशी कापून काढलं. नंबर धातूवर अंक उमटवायच्या ठशाने ठोकला: आधी वर्ष, मग क्रमांक.

घालायची रीत अशी. पुढची तीन बोटं एकत्र धरून कड्यातून ओढायची, मागचं बोट नळीला, म्हणजे पायाच्या खवल्यांच्या भागाला, लावून धरायचं, कडं त्याच्यावरून वर सरकवायचं आणि मग बोट मोकळं करायचं. सिल्कीला प्रत्येक पायाला पाच बोटं, म्हणजे मागची दोन सांभाळावी लागतात. माझ्याकडे नवव्या-दहाव्या आठवड्यात नीट जमलं. त्याआधी घातलेली चार कडी दुसऱ्या दिवशी भुशात सापडली. सिल्की आणि ब्रह्मा या जातींच्या पायांवर पिसं असतात, त्यात घाण अडकून कडं आवळतं, म्हणून दर रविवारी बोटाने फिरवून पाहते. आणि हो, कोंबड्याला तलंगेपेक्षा मोठं माप लागतं. कोण कोंबडा हे ठरत नसेल तर मोठंच घाला, निसटलं तर पुन्हा घालता येईल.

जून, फोटो

पावसात बाहेरची कामं थांबली तेव्हा प्रत्येक पक्ष्याचे पाच फोटो काढले: दोन्ही बाजूंनी डोकं, दोन्ही पाय समोरून, एक पंख उघडून. एकेरी तुऱ्याच्या जातीत दाते मोजता येतात. असीलचा तुरा वाटाण्यासारखा बसका, तिथे दाते नाहीत, पण नळीवरचे खवले जवळून पाहिले तर जोडलेले, तुटलेले, वाकडे असे सापडतात आणि दोन पक्ष्यांत सारखे दिसत नाहीत. नखाचा रंगही टिपून ठेवते. गळून पडलेली दोन-तीन पिसं नाव आणि तारीख घालून कागदी पाकिटात ठेवते.

मायक्रोचिपचंही डॉक्टरांशी बोलले. १२ मिमीची, पंधरा अंकी नंबरची चिप पक्ष्यांत सहसा छातीच्या डाव्या स्नायूत घालतात. शोभेच्या महागड्या जोडीला ठीक आहे. जो पक्षी पुढे-मागे कोणाच्या ताटात जाऊ शकतो, त्याला मी घालणार नाही.

डिसेंबर, खरी कसोटी

सिंहगड रस्त्यावरच्या एका लॉनवर आम्ही तेवीस जणांनी चौसष्ट पक्षी मांडले. मला सगळ्यात जास्त बोलायचं होतं ते बाहेरच्या दारावर, आणि सगळ्यांनी ऐकलं याचं समाधान आहे.

आत येताना कड्याचा नंबर वहीत, त्याच नंबरची चिठ्ठी पिंजऱ्याला आणि दुसरी मालकाच्या खिशात. पिंजऱ्याच्या दाराला नंबर असलेला केबल टाय, म्हणजे कापल्याशिवाय न सुटणारी प्लास्टिकची पट्टी. परीक्षक पक्षी हातात घेऊन पाहतात, म्हणून त्यांच्यासोबतचा माणूस टाय कापतो आणि परत नवा लावून वहीत लिहितो. पाच वाजेपर्यंत एकही पक्षी बाहेर न्यायचा नाही, आजारी असला तरच नेता येईल, तोही आयोजकांपैकी एक जण सोबत असताना. पाचनंतर एकेक रांग मोकळी, बाकीच्यांनी थांबायचं. खोकी आणि डालगी आपली रांग येईपर्यंत दाराबाहेर. एकच दार उघडं, तिथे दोघं जण: एक चिठ्ठ्या जुळवतो, दुसरा पायातलं कडं वाचतो.

बायका-पोरांना घरी जायची घाई होती, थोडी कुरकुर झाली. चौसष्ट पक्षी बाहेर पडायला पाऊण तास लागला. त्यात एका काकांच्या डालग्यात भलतीच ब्रह्मा निघाली. शेजारच्या पिंजऱ्यातली त्याच रंगाची कोंबडी त्यांनी चुकून उचलली होती. काका शरमले, पण चूक कोणाकडूनही झाली असती. कडं वाचलं नसतं तर ती घरी गेली असती आणि दुसऱ्या मालकाने आयुष्यभर चोरीच मानली असती. मला जास्वंदचाही विचार आला, तीही कोणी चुकून नेली असेल का? म्हणून या वेळी तिचा फोटो पुन्हा सगळ्यांना दाखवला.

एक गोष्ट आम्ही या वेळी मुद्दाम बंद केली. पिंजऱ्यावरच्या कार्डावर मालकाचा पत्ता आणि फोन लिहायचो, तो आता फक्त वहीत. बक्षिसाची फीत आणि खाली घरचा पत्ता, म्हणजे कुठे यायचं ते आपणच सांगतो. विकायचा पक्षी असेल तर चौकशी आयोजकांकडे.

पक्षी परत आला, तरी थेट कळपात सोडू नका, बाहेरून रोग येऊ शकतो. प्रदर्शनातून आलेले सगळेच मी तीन आठवडे वेगळ्या खुराड्यात ठेवते, त्यांचं दाणा-पाणी शेवटी करते आणि चपलाही वेगळ्या.

जास्वंदच्या बहिणीखाली नोव्हेंबरात बसवलेल्या अंड्यांतून सात पिलं निघाली. या रविवारी त्यांना कडी घालायची आहेत. १६ मिमीची चार शिल्लक आहेत, तीन उद्या भोसरीहून करून आणते.