पीळ: मुरुडशेंग मातीत उतरवण्याची सहा महिन्यांची नोंद

मंडळी, मागच्या वेळी मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की पावसाळ्यात नवं काही हाती घेणार नाही, मातीचे कप आणि वाट्या यांवरच भागवीन. ते विसरा.

जुलैत धाकटी बहीण बाळाला घेऊन माहेरी आली आणि आईचा बाळगुटीचा डबा बाहेर निघाला. सहाण, वेखंड, हळकुंड, जायफळ, सुंठ, सगळ्यांचे वेढे मोजून. "मुरुडशेंगेचे दोनच वेढे गं, जास्त नको," असं आई बहिणीला बजावत होती, आणि मी तोवर ती शेंग उचलून खिडकीपाशी नेली होती. शंभरदा तरी पाहिली असेल, पण तिचे पदर त्या दिवशी पहिल्यांदा मोजले. पाच. जेमतेम पाच सेंटिमीटरची शेंग, आणि पाच पदर एकमेकांना वेटाळून असे घट्ट की मध्ये नख जात नाही. आई ओरडली, "अगं, ती उगाळायची आहे!" तेव्हा परत दिली. दुसऱ्या दिवशी काष्ठौषधींच्या दुकानातून पावशेर घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, जुळी आहेत का?

पहिला प्रयत्न थोडक्यात सांगते, कारण तो सांगण्यासारखा नाही. स्टोनवेअर मातीचा मनगटाएवढा जाड लोड केला आणि लूप टूलनं (तारेच्या कोरणीनं) बाहेरून तिरक्या खोबणी कोरत गेले. दोन संध्याकाळी गेल्या. भाच्यानं पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, ड्रिलचं पातं मस्त झालंय." त्याचं बरोबर होतं. पीळ बाहेरून काढलेला होता, आतून आलेला नव्हता.

त्याच आठवड्यात मला शिल्पकार मृणालिनी मुखर्जी आठवल्या. २०१५ साली ऑफिसच्या कामासाठी दिल्लीला गेले होते, एक दुपार मोकळी मिळाली म्हणून जयपूर हाऊसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात शिरले, तर तिथे त्यांचं मोठं प्रदर्शन चालू होतं. ते उघडलं आणि आठवड्याभरातच त्या गेल्या, हे मला नंतर कळलं. त्यांचं काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: हेम्पची जाड दोरी, आपल्या सुतळीची थोरली बहीण म्हणा, ती रंगवून, हातानं गाठीवर गाठ मारत माणसाहून उंच आकृत्या केलेल्या. माग नाही, आधी काढलेलं रेखाचित्र नाही. नावं 'यक्षी', 'वनश्री', 'पुष्प' अशी. जवळ गेलं की सुतळीचा वास येतो की काय असं वाटतं, आणि लांब गेलं की फूल, देवी आणि आणखी काहीतरी न सांगता येण्यासारखं एकाच वेळी समोर उभं. मी त्या वेळी मातीला हातही लावलेला नव्हता, त्यामुळे नुसतीच बघत बसले. जन्म १९४९चा, मुंबईचा, शिक्षण बडोद्याला, वडील चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी. नव्वदीच्या दशकात त्या सिरॅमिककडे वळल्या आणि पुढे ब्राँझकडे, पण मातीतही त्यांच्या पाकळ्या घडी पडून, एकमेकींवर रेलून वाढल्यासारख्या दिसतात, वरून चिकटवल्यासारख्या नाहीत.

तर मुद्दा हा की त्यांच्या कामात आकार आधी ठरवून त्यावर गाठी बसवलेल्या नाहीत, गाठींतूनच आकार झालाय. आणि मी इकडे लोड कोरत बसले होते.

१७ ऑगस्ट. ताम्हिणीकडे गेलो. शेंग ज्या झुडपाची, ते कधी नीट पाहिलंच नव्हतं. फुलोरा चालू होता. फूल ताजं असताना लालभडक आणि शिळं झालं की शिशासारखं निळसर करडं, त्यामुळे एकाच फांदीवर दोन रंग. शिंजीर पक्षी येत होता, लाल फुलावर थांबत होता. वहीत रंगाचे ठिपके घेतले, पाऊस आला, ठिपके गेले.

पुढची गोष्ट सांगायला लाज वाटते, पण नोंद म्हणजे नोंद. तो ड्रिलचा लोड मी फेकून द्यायला हवा होता. "निदान भाजून बघू" म्हणून मागून थोडा पोखरला आणि आम्ही ज्या सामायिक भट्टीत भाजतो तिच्या बिस्किट फायरिंगला, म्हणजे पहिल्या भाजणीला दिला. श्रावणातली हवा, बारा दिवस वाळवलेला, हाताला कोरडा लागत होता. गालाला लावून बघायचं विसरले. ओली माती गालाला गार लागते हे आपण सगळे नवशिक्यांना सांगत असतो. पाणी आत राहिलं, त्याची वाफ झाली, लोड फुटला. गणपती चार दिवसांवर, आणि माझ्या ठिकऱ्या इतरांच्या पणत्या-वाट्यांत. सहाजणींची माफी मागितली, उकडीचे मोदक दिले. माफी मिळाली.

त्यानंतर केशवनगरला गेले. पुण्याच्या कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातली बरीच घरं आता तिकडे, मुंढव्याच्या बाजूला आहेत. ज्या दादांकडून मी दिवाळीच्या पणत्या घेते ते माठाची माती मळत होते. राख आणि घोड्याची लीद तिच्यात जातेच. मी माझा बेत सांगितला: पाच वळ्या करून एकत्र पिळायच्या, पण पिळताना मातीला चिरा जातात. त्यांनी माझ्या पिशवीतली माती चिमटीत घेतली, अंगठ्यानं पसरली आणि म्हणाले, "गुळगुळीत आहे हो ताई, पण हिच्या अंगात धरायला काही नाही." लिदीतली गवताची तूस मातीला धरून ठेवते आणि भाजल्यावर जळून जाते. सामायिक भट्टीच्या खोलीत लीद नेण्याची माझी छाती नव्हती (मोदक एकदाच चालतात). मग त्याच तत्त्वावर वर्तमानपत्राचा लगदा घातला, सोबत थोडं छामोट, म्हणजे भाजलेल्या मातीचा भरडा. ही पेपर क्ले भाजताना धूर करते, खिडक्या उघड्या ठेवा.

दुसरा प्रयत्न या मातीचा. तीन सेंटिमीटर जाडीच्या पाच वळ्या, मधोमध कागदाची सुरळी, आणि सगळं मिळून एकाच दिशेनं पिळलं. ओली असताना लांबी ४५ सेंटिमीटर. वाळूच्या थरावर आडवी ठेवली, म्हणजे आकसताना सरकायला वाव राहील. झाकून तीन आठवडे. आणि एक शहाणपणाची गोष्ट केली: पाची पदरांवरून बुडापासून टोकापर्यंत सुईनं एक सरळ रेघ ओढून ठेवली.

बिस्किटनंतर रेघ जराशी कलली होती. १२२० अंशांच्या भट्टीतून काढली तेव्हा टोकाला रेघ जवळजवळ तीन सेंटिमीटर बाजूला गेलेली. शेंग उलगडली होती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझ्याकडे सुंभ शाबूत आणि पीळ गेला. खरं तर हे मला सुचायला हवं होतं. चाकावर ओढलेली किटलीची तोटी भाजताना फिरते, म्हणून तिचं तोंड आधीच तिरकं कापतात. मातीला तुम्ही तिच्याशी काय केलंत ते आठवतं, आणि भट्टीत मऊ झाली की ती परत फिरायला बघते. चिडून तो तुकडा सिंकखाली ढकलला.

उपाय सापडला तो मात्र मातीवाल्यांकडे नाही. आमच्या आजोळी, शिरूरकडे, बैलपोळा भाद्रपदी अमावास्येला असतो. आदल्या बाजारात कासरे, दावी, म्होरक्या मांडलेल्या. बहुतेक सगळं नायलॉनचं, निळं आणि केशरी. एका म्हाताऱ्या बाबांकडे तेवढा घायपाताच्या वाखाचा माल होता. मी कासरा हातात घेऊन उलटा पिळून बघत होते. बाबा म्हणाले, "काय बघताय? सुटायचा न्हाई त्यो." मग त्यांनी वाखाचे दोन पदर मांडीवर घेऊन दाखवलं. "पदराला पीळ उजवा दिला, तर दोराला डावा द्यायचा. मग दोघं एकमेकाला धरून राहत्यात. एकाच अंगाला पिळलं का सुटाया बघतंय." बोलता बोलता हेही सांगितलं की पूर्वी केवणीच्या सालीचेही दोर वळायचे. केवण म्हणजे मुरुडशेंगेचंच झुडूप. मी काही बोलले नाही, कासरा घेतला. तो आता कामाच्या टेबलावर टांगलाय.

तिसरा प्रयत्न, ऑक्टोबरअखेर. प्रत्येक वळी आधी एकटी उजवीकडे पिळली, चार पूर्ण फेरे. ओल्या फडक्याखाली रात्रभर विसावू दिली. सकाळी पाचही वळ्यांना सुईच्या ओरखड्यांनी आणि स्लिपनं (पातळ कालवलेल्या मातीनं) जोडत, सुरळीभोवती डावीकडे वळत नेल्या. एकटीला जमत नाही, दुसऱ्या टोकाला आई बसली होती, आणि तिचा हात माझ्यापेक्षा समान चालतो; वाती वळून वळून असेल. हाताखाली फरक कळतो. आधीच्या वेळी सोडलं की माती मागे यायची, या वेळी वळ्या एकमेकींत जाऊन बसल्या.

पृष्ठभागाबद्दल थोडं. मध्यंतरी शिल्पकार हिंमत शाह यांची टेराकोटाची मस्तकं फोटोंत पुन्हा पुन्हा बघत होते. माणूस लोथलचा, १९३३चा, २०२५ मध्ये गेला. हडप्पाकाळच्या गावात जन्मून आयुष्यभर मातीची डोकी करणं हा योगायोग मला फार आवडतो. त्यांच्यासारखे ठसे आणि ओरखडे उमटवून पाहिले आणि पुसून टाकले. शेंगेला स्वतःचं खडबडीत कातडं आहे. शेवटी फक्त तरटाचा तुकडा दाबला. ग्लेझ नाही, लोहाच्या ऑक्साइडचा पातळ हात दिला आणि ओल्या स्पंजनं उंचवट्यांवरून पुसला, म्हणजे काळपटपणा खाचांतच राहिला.

या वेळी चार आठवडे वाळवण, गाल लावून तपासणी, ९० अंशांवर रात्रभर, मग ९८० पर्यंत हळू. ५७३च्या आसपास, जिथे मातीतलं क्वार्ट्झ फुगतं, तिथे तर आणखी हळू. नंतर १२२०. ४५ची ४० सेंटिमीटर झाली. रेघ चार मिलिमीटर हलली. दोराच्या युक्तीचा गुण की लांबलेल्या वाळवणाचा, हे एका तुकड्यावरून म्हणता येत नाही. पण तीन सेंटिमीटर कुठे आणि चार मिलिमीटर कुठे. बुडाशी दोन पदरांमध्ये केसाएवढी चीर आहे. तशीच ठेवली.

११ जानेवारी. पुन्हा ताम्हिणी, तेच झुडूप. पानं बरीच गळलेली, शेंगा वाळून तपकिरी काळ्या. आणि त्या दुकानातल्यासारख्या घट्ट नव्हत्या. टोकाकडून पाची पदर सुटे व्हायला लागलेले, आतल्या कडेनं प्रत्येकाला फट, एक हलवली तर बारीक दाणे तळहातावर सांडले. घरी येऊन हातपाय धुण्याआधी सिंकखालचा दुसरा तुकडा बाहेर काढला आणि ती शेंग शेजारी ठेवली. टोकाचं उलगडणं जवळपास तसंच.

सध्या दोन्ही तुकडे खिडकीत आहेत, घट्ट आणि सुटलेला. आता आणखी एक करायचा आहे, जो मुद्दाम उलगडेल: बुडाकडे उलटा पीळ, टोकाकडे एकेरी. वळीचा पीळ मध्येच कुठे आणि कसा थांबवायचा हे अजून जमत नाहीये; कुणी दोन पिळांची वळी केली असेल तर जोड कसा दिलात ते सांगा. आई म्हणतेय, फेब्रुवारीत तिला वेळ आहे.