छताचे नऊ खण

शनिवार, रात्री

दिवाळीच्या फराळाला यंदा सगळी मंडळी आमच्याकडे, म्हणून त्याआधी डायनिंग रूम रंगवून घ्यायची असं घोकत बसलोय. भिंतींचं काहीतरी ठरेल. अडलंय ते छतापाशी. न्यू जर्सीतल्या आमच्या भागात डायनिंग रूमला चौकटींचं छत देण्याची बिल्डर लोकांना भारी हौस. आडव्या-उभ्या पट्ट्या एकमेकींना छेदत जातात, मधे चौकोनी खण, आणि प्रत्येक खणाच्या आतल्या कडेने नक्षीची बारीक पट्टी. आमच्याकडे असे नऊ खण आहेत. दिसायला भरभक्कम तुळया, पण टिचकी मारली की कळतं, आत सगळं पोकळ. तीन बाजूंनी एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेल्या, फळ्या ठोकून केलेली खोकी. नुसता थाट! मला तो आवडतो, हेही खरं.

नवऱ्याला खणांच्या आत गडद निळा हवाय, बेंजामिन मूर या रंगकंपनीचा ‘हेल नेव्ही’, आणि पट्ट्या पांढऱ्याशुभ्र. त्याने फोटोही जमवलेत. फोटो सुंदरच आहेत, पण त्यांतली छतं चांगली उंच दिसतात. आमचं ९ फुटांवर, त्यातून पट्ट्या ६ इंच खाली उतरलेल्या. एवढ्याशा उंचीवर निळं-पांढरं केलं तर बुद्धिबळाचा पट उलटा टांगल्यासारखं दिसेल. पाहुण्यांनी चकलीकडे बघावं की वर?

आईला व्हिडिओ कॉलवर छत दाखवलं. “अगं, वर बघत जेवतं का कुणी?” म्हणाली. मग तिच्या वाईच्या आजोळचा कडीपाट निघाला. त्या लाकडाला रंग म्हणून कधी लागला नाही, अधूनमधून अळशीचं तेल चोळायचे, तूही तेच कर. एमडीएफला तेल चोळून काय होतं, हे समजावण्याच्या फंदात मी पडले नाही.

रविवार

दुकानातून पांढऱ्या रंगाची कार्डं आणली. पांढरा निवडणं सोपं असेल असं वाटणाऱ्याने एकदा त्या रॅकसमोर उभं राहून बघावं. प्रत्येक कार्डामागे एलआरव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे तो रंग किती उजेड परत फेकतो त्याचं माप. काळा ०, पांढरा १००. ‘चँटिली लेस’ ९० च्या आसपास, ‘व्हाइट डव्ह’ ८३ च्या आसपास. हातात धरली तर दोन्ही पांढरीच. शेजारी ठेवली की दुसरं जरा दुधाळ, किंचित राखाडी वाटतं.

पण कार्ड हातात धरून छताचा रंग ठरवता येत नाही, हे आज चांगलंच पटलं. मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात देऊन ते सरळ वर चिकटवले, काही खणात, काही पट्टीवर. भिंतीवर खिडकीचा उजेड थेट पडतो. छताला मात्र बराचसा उजेड जमिनीवरून उसना मिळतो. आमची जमीन ओकची, वर विटकरी सतरंजी. त्यामुळे दुपारी ‘चँटिली लेस’सारखा कडक पांढराही वर गेल्यावर हलकासा गुलाबी झाला. सतरंजी गुंडाळून पाहिली तर गुलाबी गेला! सकाळी उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड निळसर, तेव्हा तोच पुठ्ठा गारठल्यासारखा. रात्री २७०० केल्व्हिनच्या दिव्यांखाली (हा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा) सगळेच पुठ्ठे साय धरल्यासारखे पिवळट. शिवाय खणाच्या आतला पुठ्ठा पट्टीवरच्या पुठ्ठ्यापेक्षा प्रत्येक वेळी एक छटा गडद. रंग एकच, डबा एकच. आतल्या बाजूला सावली पडते, बस.

नवऱ्याला शिडीवर चढवून दाखवलं. “हं,” म्हणाला.

मंगळवार

ऑफिसच्या एका कंटाळवाण्या मीटिंगमधे अजिंठा आठवला. शाळेच्या सहलीत पहिल्या लेण्यात मान वर करून उभे होतो. तिथलंही छत चौकोनांचंच आहे. चौकोनाचौकोनांत कमळं, हंस, फळं, आणि तो कमळांतून धावणारा हत्ती. आणि दगड मात्र सपाट! पाचव्या शतकातल्या त्या चित्रकारांनी पट्टे रंगवूनच खण पाडले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, आणि निळा तर थेट अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा. तिथे रंगाला काम होतं. सपाटीवर खोली उभी करायची होती. आमच्याकडे खोली आधीच ठोकून ठेवलीय, पोकळ का असेना. उजेड-सावली ती दिवसभर दाखवतेच आहे. त्यावर पुन्हा रंगाने तेच ओरडून कशाला सांगायचं?

हे जेवताना नवऱ्याला ऐकवलं. अजिंठ्यात निळा होता की नाही, एवढाच मुद्दा त्याने उचलला.

गुरुवार

बेसमेंटमधे आधीच्या मालकांनी ठेवलेले डबे आज उपसले. एकाच्या झाकणावर वाळलेल्या ओघळांखाली ‘व्हाइट डव्ह’, सॅटिन (मंद चमकेचा). म्हणजे घरभरच्या दाराखिडक्यांच्या चौकटी, जमिनीलगतची पट्टी, सगळं हेच. मग प्रश्न जवळजवळ मिटलाच. चौकटींचा रंग डायनिंग रूमच्या दाराशी थांबत नाही, तो पॅसेजमधून थेट दिवाणखान्यात जातो. छतावर आणखी पांढरा काही लावला तर खालच्या चौकटी मळलेल्या दिसणार, आणि त्या घासत बसणार मी.

संध्याकाळी रंगारी येऊन बघून गेला. एकच रंग म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. नऊ खण म्हणजे आतल्या छत्तीस कडा, दोन रंग असते तर प्रत्येक कडेला टेप लावून रेघ सरळ ठेवायची. त्याने आणखी एक सांगितलं, ते मला सुचलं नसतं. हिवाळ्यात हीटिंगने घरातली हवा सुकते, पट्ट्या थोड्या आकसतात, आणि पट्टी नि छताच्या सांध्यात केसाएवढी भेग दिसायला लागते. सांधे तो भरून देईल, तरी भेग पुन्हा येऊ शकते. दोन रंगांच्या सीमेवर ती आधी डोळ्यांत भरते, एकाच रंगात लपून जाते.

तर ठरलं ते असं. सगळीकडे ‘व्हाइट डव्ह’. खणांच्या आत पूर्ण मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कारण मॅटमधे प्लास्टरचे उंचसखल भाग आणि जोड झाकले जातात. पट्ट्यांना आणि चौकटींना सॅटिन, त्या पुसता येतात. सॅटिनची धार उजेड थोडा परतवते, मॅट तो पिऊन टाकतो, तेवढा फरक मला पुरे. दिवेही बदलून ३००० केल्व्हिनचे लावायचे. त्याहून चमकदार सेमीग्लॉस नको म्हटलं. झुंबराखाली प्रत्येक ब्रशचा फटका मोजता आला असता.

‘हेल नेव्ही’ला खालच्या भिंतीवर, कमरेएवढ्या उंचीवरच्या पट्टीच्या खाली, जागा दिलीय. नवरा खूश आहे, आणि खरं सांगायचं तर तिथे तो शोभेलही. वरच्या भिंतीसाठी शेवाळी की फिकट बदामी यावर अजून एकमत नाही. पुठ्ठे उरलेत, रविवारी बघू.