पहिलीच्या बाई कोण?

सरकारी शाळा की खासगी, यावर आमच्या घरात मतं आधी तयार होती आणि माहिती नंतर गोळा झाली. मी सरकारी शाळेत शिकले, नवरा खासगी. दोघांचंही बरं चाललंय, त्यामुळे आपापल्या शाळेची तरफदारी करायला दोघंही मोकळे. सासूबाई सरकारी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाल्या. त्या माझ्या बाजूने बोलतील असं मी धरून चालले होते, पण त्या कुणाच्याच बाजूने बोलेनात. "पाटी बघून काय कळणार? पहिलीच्या बाई कोण आहेत ते विचारून या," एवढंच म्हणाल्या.

(स्वतः सरकारी शाळेत शिकवत असताना मुलाला खासगीत का घातलं, हेही मी विचारून घेतलं. "माझ्या शाळेत ठेवला असता तर माझा मुलगा म्हणून त्याला कुणी रागावलं नसतं," हे उत्तर. यावर वाद घालणं अवघड आहे.)

मी हिशेबाच्या कामातली. त्यामुळे लेकीसाठी पाहिलेल्या खासगी शाळेचा फीचा कागद हातात आल्यावर माझी नजर आधी मोठ्या आकड्याखालच्या बारीक ओळींकडे गेली. प्रवेश शुल्क एकदाच, पण परत न मिळणारं. सत्र शुल्क वेगळं. बस वेगळी. गणवेश आणि पुस्तकांचा संच शाळेतूनच घ्यायचा. आणि तळाशी, "शुल्कात दरवर्षी योग्य ती वाढ होईल." योग्य म्हणजे किती, हे लिहिलेलं नव्हतं. मी १० टक्के धरले. पहिलीतली फी १०० मानली तर दहावीत ती जवळपास २३६ होते. आपण घरात चर्चा करतो ती पहिल्या वर्षाच्या फीची, आणि सही करतो ती दहा वर्षांच्या खर्चावर. पगार त्याच वेगाने वाढेल अशी ज्यांना खात्री आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

पैशांचा मुद्दा मांडला की समोरून एकच वाक्य येतं: "पण शिक्षण चांगलं असतं ना." हे वाक्य मी गृहीत धरणार नव्हते.

आंध्र प्रदेशात २००८च्या सुमाराला एक प्रयोग सुरू झाला. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थशास्त्रज्ञांचा तो अभ्यास २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी शाळेतल्या ज्या मुलांच्या पालकांनी अर्ज केले, त्यांच्यात सोडत काढली आणि नाव निघालेल्यांची खासगी शाळेची फी भरली. खुबी सोडतीतच आहे. एरवी खासगी शाळेतली मुलं पुढे दिसतात तेव्हा ती शाळेमुळे पुढे आहेत की घरामुळे, हे वेगळं काढता येत नाही. इथे दोन्हीकडची घरं सारखी होती, फरक फक्त चिठ्ठीचा. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक सापडला नाही. हिंदीत खासगी शाळेतली मुलं बरीच पुढे होती, कारण सरकारी शाळांत त्या वयाला हिंदी जवळपास शिकवलीच जात नव्हती. आता दुसरी बाजू. त्या खासगी शाळांचा एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, आणि तेलुगू-गणिताला त्या वेळही कमी देत होत्या. म्हणजे थोडक्या पैशांत आणि थोडक्या वेळात त्यांनी तेवढंच शिकवलं. नवऱ्याने ही ओळ लगेच उचलली. उचलू दे, खरीच आहे. फक्त आमच्यासमोरची शाळा स्वस्तातली नव्हती.

अमेरिकेत रॉबर्ट पियांटा आणि आर्या अन्सारी यांनी हजाराहून थोड्या जास्त मुलांचा जन्मापासून पंधराव्या वर्षापर्यंतचा माग पाहिला. तो अभ्यास २०१८चा. वरवर पाहता खासगी शाळेतली मुलं सरस, पण घरच्या उत्पन्नाचा हिशेब धरला की ती आघाडी नाहीशी झाली.

मग फी भरून नक्की मिळतं काय? नवरा प्रामाणिक माणूस आहे. एका रात्री तो हळूच म्हणाला, "मला अभ्यासाचं नाही गं वाटत. तिच्या बाजूला कोण बसेल, ते वाटतं."

मला हे वाक्य आवडलं, कारण खासगी शाळांबद्दलच्या बहुतेक चर्चेत ते पोटात असतं आणि ओठावर येत नाही. फी ही चाळणी आहे. ज्यांना परवडत नाही ते आधीच गळतात आणि उरलेल्यांतून काही शाळा मुलाखत घेऊन निवडतात. सरकारी शाळेला दाराशी आलेलं मूल नाकारता येत नाही. तेव्हा दोन्हींचे निकाल शेजारी ठेवून तुलना करणं मला हिशेब म्हणूनही पटत नाही. पण म्हणून शेजारी बसणारं मूल महत्त्वाचं नाही, असंही नाही. १९६६ साली जेम्स कोलमन यांनी अमेरिकेतल्या सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी करून सरकारला अहवाल दिला. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय यांच्यापेक्षा घर आणि त्याखालोखाल वर्गसोबती यांचा परिणाम जास्त, असं त्यात निघालं. मी नवऱ्याला त्यातला आणखी एक भाग दाखवला. सोबतीचा हा परिणाम ज्या मुलांच्या घरी शिक्षणाचं पाठबळ कमी असतं त्यांच्यावर जास्त होतो, बाकीच्यांवर कमी. आमच्या घरात पुस्तकांना ठेवायला जागा नाही. सोबतीचा सर्वात कमी फरक पडेल अशा घरातलेच आम्ही, आणि सोबतीची चिंताही आम्हालाच.

तो म्हणाला, "अहवाल ठीक आहे, पण शिव्या शिकून आली तर?" मी म्हटलं, त्या तर आपल्याच सोसायटीच्या जिन्यात मिळतात.

खासगी शाळेत आमची भेट एका समन्वयक बाईंशी झाली. बोलायला गोड, तयारीच्या. वर्ग दाखवले ते सुट्टीच्या दिवशी, म्हणजे रिकामे. लेकीला रंग विचारले, आम्हाला नोकरी विचारली. मी विचारलं, "पहिलीला शिकवणाऱ्या बाई इथे किती वर्षं आहेत?" उत्तर आलं की आमची टीम तरुण आहे. पुन्हा विचारलं तर फळ्याच्या जागी लावलेल्या मोठ्या स्क्रीनबद्दल माहिती मिळाली. शिक्षिका कुणीच भेटल्या नाहीत. तिथून बाहेर पडलेल्या एका बाईंकडून नंतर कळलं की करार वर्षाचा असतो आणि पगार बरा मिळाला की माणसं जातात. त्यांचं चूक काय आहे?

सरकारी शाळा चालू दिवसाची बघितली, आधी न कळवता. मुख्याध्यापिका बाई थोड्या वैतागल्या, पण पहिलीच्या वर्गात बसू दिलं. स्वच्छतागृहाच्या दाराची कडी पाच वर्षांच्या मुलाच्या हाताला येणार नाही इतकी वर होती. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे यावर दोन मतं. या गोष्टी मी लपवणार नाही. पण वर्गात चौतीस मुलं होती आणि बाई प्रत्येकाला नावाने हाक मारत होत्या.

सासूबाईंनी निघताना सांगितलं होतं, "मागे बसणाऱ्या मुलाची वही बघ. पहिल्या बाकावरची कुठल्याही शाळेत छानच असते." मी मागच्या एका मुलाची वही मागितली. अक्षरं ओळीबाहेर चाललेली, पण तपासलेली होती. नुसती बरोबरची खूण नव्हे, चुकलेल्या अक्षराशेजारी बाईंनी तेच अक्षर ठिपक्यांनी काढून दिलं होतं, गिरवायला. पानामागून पान. खासगी शाळेत मला वही बघायला मिळालीच नाही, त्यामुळे तिथे काय चालतं ते मी सांगू शकत नाही.

चौतीस हा आकडा मला खुपतो, अजूनही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५पासून चार वर्षं, बालवर्ग ते तिसरी, मुलं आणि शिक्षक दोघांनाही सोडतीनेच वर्ग देऊन पाहिलं होतं. १३ ते १७ मुलांच्या वर्गातली मुलं २२ ते २५च्या वर्गातल्यांपेक्षा वाचन-गणितात पुढे गेली. लहान वर्गाचा फायदा लहान वयात खरा असतो. खासगी शाळेत तुकडी पंचविसाची, असं माहितीपत्रक म्हणत होतं. हा मुद्दा मी त्यांच्या खात्यात जमा केला आणि तो तिथेच आहे.

सरकारी शाळेचा खरा धोका मला पहिलीच्या त्याच बाईंनी सांगितला: बदली. आदेश आला की जावं लागतं, वर्षाच्या मध्येही. म्हणजे एकीकडे माणूस स्वतः सोडून जातो आणि दुसरीकडे उचलून नेतात. फरक एवढाच की बाई आत्ताच बदलून आल्या होत्या, त्यामुळे निदान दोन-तीन वर्षं तरी हलवणार नाहीत असा त्यांचा अंदाज. माझा निर्णय या अंदाजावर उभा आहे. कुणाला हे कच्चं वाटेल. माहितीपत्रकावर उभं राहण्यापेक्षा मला ते पक्कं वाटतं.

शिवाय अंतर. खासगी शाळेच्या बसचा जाण्यायेण्याचा जादा वेळ दिवसाला सव्वा तासाच्या आसपास जाणार होता. वर्षाचे २०० दिवस धरले तर अडीचशे तास. पाच वर्षांच्या मुलीने ते खिडकीशी पेंगत घालवायचे की घरामागे मातीत खेळत, यावर नवऱ्याचा आणि माझा वाद झालाच नाही.

लेकीचं नाव सरकारी शाळेत घातलं. नवरा दुसरीनंतर पुन्हा बोलू म्हणालाय, आणि त्याला ती मुभा आहे. कडी खाली बसवून घ्यायला मीच सुतार घेऊन गेले. कपाटाच्या किल्लीचा तपास चालू आहे.

याच महिन्यात नणंदेने तिच्या मुलासाठी खासगी शाळा घेतली. तो कानाला यंत्र लावतो, आणि त्या शाळेत वर्ग अठरा मुलांचा आहे, खोलीत घुमणारा आवाज कमी आहे, शिवाय पहिलीच्या बाई नऊ वर्षं तिथेच आहेत. तिचा फीचा कागद मीच तपासून दिला. वाढीची ओळ तिथेही होती, पण आकड्यासकट. "वन्स, घाला त्याला," म्हटलं, "फक्त बससाठी वेगळी पावती मागा."