रात्री ताप चढला तर जर्मनीत कुठे जायचं?

मुलगा एम.एस.ला जर्मनीला निघाला की नाशिकहून त्याच्या आईचा फोन हमखास येतो. ॲडमिशन, ब्लॉक्ड अकाउंट (राहण्या-खाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं), व्हिसा, सगळं झालेलं असतं, पण जीव भलतीकडेच अडकलेला. परवा गंगापूर रोडच्या एका काकूंनी थेट विचारलं, "रात्री-अपरात्री पोटात दुखलं तर डॉक्टर कुठला गाठायचा? आणि विमा घेतील का रे ते?"

काकू, विम्याची काळजी सोडा. इकडे दहातले जवळपास नऊ जण पब्लिक इन्शुरन्सवालेच, म्हणजे सरकारी नियमांनी चालणाऱ्या आरोग्य विम्यातलेच आहेत. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्याला तर सवलतीचा हप्ता. दवाखान्याच्या पाटीवर 'आले कासेन', म्हणजे 'सगळे पब्लिक विमे चालतात', असं दिसलं की बिनधास्त आत जायचं, विम्याचं कार्ड पुढे करायचं. पाटीवर नुसतंच 'प्रिव्हाट', म्हणजे फक्त खाजगी, असेल तर पुढचा दवाखाना बघायचा.

खरी मेख आहे ती वेळेची. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद. शनिवार-रविवारचं तर विचारूच नका. आपल्याकडे फॅमिली डॉक्टरांना रात्री फोन करून "जरा बघता का" म्हणता येतं, मेडिकलवालाही दोन गोळ्या काढून देतो. ते इकडे विसरायचं.

अशा वेळी 116117 हा नंबर फिरवायचा. फोन फुकट, चोवीस तास चालू. ताप, उलट्या, ठणकणारा कान, म्हणजे सकाळपर्यंत थांबवत नाही पण जिवावरचंही नाही, असं काही असेल तर जवळचा चालू दवाखाना तिथून कळतो. बऱ्याचदा तो हॉस्पिटलच्या आवारातच असतो. छातीत कळ, अंग लुळं पडणं, शुद्ध हरपणं असेल तर मात्र वेळ न दवडता 112, आपल्या 108 सारखा.

साध्या तापासाठी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत गेलात तर तासन्‌तास बसाल. आधी कोण आलं हे तिथे कोणी बघत नाही, कोणाची तब्येत जास्त गंभीर एवढंच बघतात. आपली मंडळी यावर फार चिडतात. मला विचाराल तर हेच बरोबर आहे.

औषधाची चिठ्ठी आता विम्याच्या कार्डावरूनच निघते. मोठ्या माणसाने साधारण 5 ते 10 युरो भरायचे. रात्रपाळीच्या मेडिकलचं दार बंदच असतं. बेल वाजवली की छोटी खिडकी उघडते आणि औषध हातात. त्याचे वर अडीच युरो.

आता तुम्ही स्वतः मुलाकडे येणार असाल तर हे सगळं विसरा. मुलाचा पब्लिक इन्शुरन्स तुम्हाला लागू नाही. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातल्या थोड्या दिवसांच्या भेटीच्या व्हिसासाठी, किमान 30,000 युरोंचा प्रवास विमा घ्यावाच लागतो, पण बीपी-शुगरसारखी जुनी दुखणी त्यात बहुधा धरत नाहीत. पॉलिसीतलं ते बारीक अक्षर निघायच्या आधी चष्मा लावून वाचा. आणि गोळ्या पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढ्या मोजून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट नाशिकहूनच आणा.