कणकुंबीकडे वायरलेस लिंक लावायला जाणाऱ्यांसाठी

बेळगावहून चोर्ला घाटाच्या रस्त्याला लागलं आणि जांबोटी मागं पडली, की झाडी दाट होत जाते आणि मोबाइलची रेंज विरळ. मलप्रभेचा उगम जिथं आहे त्या कणकुंबीच्या पुढच्या एका वाडीत आम्ही गेलो होतो. टेकाडावरच्या पाण्याच्या टाकीवर रेडिओ, म्हणजे बिनतारी इंटरनेट पकडणारा अँटेनाचा संच, खाली घरात सोलरची १२ व्होल्टची बॅटरी, मधे साधारण ६० मीटर कॅट-५ई नेटवर्क केबल. घरधन्यांनी आल्या आल्या सांगितलं, “सर, ऊन हाय तोवर चालतंय बघा. सांजेला पोरं अभ्यासाला बसली की बंद-चालू, बंद-चालू.”

निम्मं निदान त्यातच झालं. आधी आलेल्यांनी अँटेना फिरवून फिरवून पाहिली होती. वर किती व्होल्ट पोचतात हे कुणीच मोजलं नव्हतं.

या केबलमधल्या २४ गेज जाडीच्या तांब्याच्या एका तारेचा रोध १०० मीटरला साधारण ८.४ ओहम. नेटवर्क केबलमधूनच वीज पाठवायची याला पीओई म्हणतात; त्यातल्या साध्या, पॅसिव्ह प्रकारात निळ्या जोडीतून, म्हणजे कनेक्टरच्या ४-५ पिनांवरून, प्लस जातो आणि तपकिरी जोडीतून, ७-८ वरून, मायनस परततो. दोन दोन तारा समांतर, त्यामुळं ६० मीटरला जाऊन-येऊन ५ ओहम. दुपारी बॅटरी चार्ज होताना १३.५ च्या वर असते, तेव्हा कसंबसं भागतं. संध्याकाळी ती ११.६ वर आली, की या केबलमधून वर जास्तीत जास्त पावणेसात वॅट पोचू शकतात. डेटा वाढला की रेडिओ ८ वॅट मागतो. व्होल्ट उतरतात तशी रेडिओ करंट आणखी ओढतो, त्यानं व्होल्ट आणखी उतरतात, आणि शेवटी रेडिओ रीस्टार्ट होतो.

टाकीवर चढून मीटर लावला. रेडिओ काढून मोजलं तर ११.६ व्होल्ट, अगदी ठणठणीत. जोडून मोजलं तर ९.५, तेही डेटा नसताना. म्हणून सांगतो, लोड चालू असतानाच मोजा. बिनलोडचा आकडा हमखास फसवतो.

आम्ही बॅटरीपाशीच १२ चे २४ व्होल्ट करणारा बूस्ट कन्व्हर्टर बसवला. तोच रेडिओ, तीच केबल. पूर्ण लोडवर वर २२ व्होल्ट मिळाले. व्होल्ट दुप्पट झाले की करंट निम्मा होतो आणि तारेत जळणारी वीज चौथाईवर येते. मात्र रेडिओवर २४ लिहिलेलं असेल तर ४८ चा पॅसिव्ह इंजेक्टर, म्हणजे केबलमध्ये वीज सोडणारा डबा, चुकूनही लावू नका, रेडिओ जळेल. ८०२.३एएफ या पीओई मानकाचा स्विच आधी समोरचं उपकरण तपासतो, मगच वीज सोडतो. पॅसिव्ह इंजेक्टर काही विचारत नाही.

केबल बेळगावातूनच घ्या, काळ्या आवरणाची, बाहेर वापरायची, आणि शुद्ध तांब्याची. दुकानातच तार ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी निघाली तर ते तांबं चढवलेलं ॲल्युमिनियम, त्याचा रोध दीडपटीहून जास्त. क्रिंपर (तारेवर कनेक्टर दाबून बसवायची पक्कड), जादा कनेक्टर आणि मीटर सोबत ठेवा. वाडीत यातलं काही मिळायचं नाही.

जून लागला की या पट्ट्यात पाऊस थांबत नाही, त्यामुळं वरचं काम मेअखेर उरका. मे महिन्यात वळवाचे ढग दुपारनंतर जमतात, तेव्हा टाकीवर सकाळीच चढा. गडगडाट ऐकू आला की लगेच उतरा. रेडिओपाशी केबलला खाली झुकलेला वळसा द्या, नाहीतर पाणी तारेवरून थेट पोर्टमध्ये उतरतं.